हाफ तिकिटापासून सुरुवात: उदाहरणं मांडून सॉफ्टवेअर कसं घडवायचं आणि तपासायचं

'महिलांना एसटीच्या प्रवासात 50 टक्के सवलत.' वाक्य वाचलं की वाटतं, यात काय आहे? स्त्री असेल तर भाडं निम्मं. कोड दोन ओळींचा, जेवणाच्या सुट्टीआधी उरकेल.

आता या दोन ओळींच्या कोडसमोर 76 वर्षांच्या एक आजी उभ्या करा. महिला सन्मान योजना 17 मार्च 2023 ला सुरू झाली, पण त्याआधीच, 26 ऑगस्ट 2022 पासून, 75 वर्षं पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झालेला होता. तुमचा कोड आधी 'स्त्री आहे का?' विचारतो, हो म्हटलं की निम्मं भाडं लावतो आणि मोकळा होतो. पूर्ण भाडं ₹200 धरलं, तर आजींकडून तो ₹100 मागेल. नियमाचं वाक्य बरोबर आहे आणि कोडही त्या वाक्याप्रमाणेच चालतो. तरीही आजी चिडणार, आणि त्यांचं चिडणं रास्त असणार.

आजींचं हे उदाहरण कोड लिहिण्याआधी कुणी टेबलावर ठेवलं असतं, तर चूक झालीच नसती. 'उदाहरणांवरून सॉफ्टवेअर' म्हणतात ते एवढंच. याला मोठमोठी नावं आहेत, बिहेव्हियर ड्रिव्हन डेव्हलपमेंट (सॉफ्टवेअरने कसं वागायचं त्याची उदाहरणं आधी मांडून ते लिहिणं) वगैरे, पण त्यांनी बिचकायचं कारण नाही. खाली मी एसटीच्या सवलतींवरच सगळं करून दाखवतो. हा सराव आहे, महामंडळाच्या तिकीट मशीनमध्ये काय चालतं त्याचं वर्णन नव्हे. भाड्याचे आकडे हिशेबाला सोपे म्हणून मी ठरवलेत. सवलतींचे नियम मात्र खरे आहेत, आणि महाराष्ट्रातल्या बहुतेकांनी ते खिडकीपाशी बसून ऐकलेले आहेत.

पायरी 1: एक छोटा तुकडा उचला

'एसटीचं तिकीट सॉफ्टवेअर' हा तुकडा नव्हे, ते अख्खं कलिंगड झालं. 'प्रवाशाच्या वयावरून आणि स्त्री-पुरुष यावरून त्याने किती पैसे द्यायचे' हा एक तुकडा. गाडी कुठली, पैसे रोख की यूपीआय, तिकीट रद्द केलं तर काय, हे सगळं आत्ता बाजूला.

मग ठाऊक असलेले नियम एकेका ओळीत लिहा. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. 5 ते 12 वर्षांच्या मुलांना हाफ. 65 ते 75 च्या ज्येष्ठांना हाफ. 75 पूर्ण झालेल्यांना मोफत. महिलांना हाफ. पाच ओळी झाल्या.

पायरी 2: तिघांना एकत्र बसवा

एक, ज्याला कामाची माहिती आहे असा; आपल्या उदाहरणात वीस वर्षं तिकिटं फाडलेला कंडक्टर. दुसरा कोड लिहिणारा. तिसरा टेस्टर, म्हणजे 'पण समजा...' अशी सुरुवात करून सगळ्यांना वैताग आणणारा. नवख्या टीमांमध्ये कंडक्टरला बोलावतच नाहीत. त्याने म्हणे एका मॅनेजरला सांगितलेलं असतं आणि मॅनेजरने ते एका डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं असतं. माझं मत विचाराल तर तिघांतला कुणी एक गाळायचाच झाला, तर कंडक्टरला शेवटपर्यंत गाळू नका.

बैठक अर्ध्या तासाची ठेवा. मांडणीसाठी 'एक्झाम्पल मॅपिंग' ही पद्धत सोयीची आहे. मॅट विन यांनी ती मांडली. चार रंगांची कार्डं घ्यायची. पिवळ्यावर कामाचं नाव, निळ्यांवर नियम, प्रत्येक निळ्याखाली हिरव्यांवर उदाहरणं आणि ज्याचं उत्तर खोलीतल्या कुणाकडेच नाही असा प्रश्न लाल कार्डावर. रंगीत कागद नसतील तर वहीच्या पानावर चार रकाने पाडा, काही बिघडत नाही.

अर्ध्या तासानंतर टेबलाकडे नुसतं बघितलं तरी अंदाज येतो. निळी कार्डं ढीगभर झाली असतील तर तुकडा मोठा घेतलाय, तोडा. लाल कार्डं जास्त असतील तर कोड लिहायला बसूच नका.

पायरी 3: उदाहरणात माणूस आणि आकडा हवाच

'ज्येष्ठ नागरिकाला सवलत मिळते' हे उदाहरण नाही, तो नियमच पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगितला. उदाहरण असं असतं: 'जन्म 14 जून 1960, पुरुष, प्रवास 14 जून 2025 रोजी, पूर्ण भाडं ₹200, द्यायचे ₹100.' यात वाद घालायला जागा मिळते. कंडक्टर म्हणू शकतो, 'बरोबर' किंवा 'छे, असं नाही'. नियमाच्या वाक्यावर सगळेच माना डोलावतात आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळंच चित्र असतं.

इथे एक सवय सुरुवातीपासून लावून घ्या: उत्तर आधी हाताने काढा. ₹100 हा आकडा कागदावर, मशीन बघायच्या आधी यायला हवा. मी नोकरीला नवा असताना उलटं करायचो. प्रोग्राम चालवायचो, तो जो आकडा देईल तोच 'अपेक्षित उत्तर' म्हणून टेस्टमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, चिकटवायचो. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, दिसायच्या, मी खूश. पुढे लक्षात आलं, की व्याजाचा हिशेब पहिल्या दिवसापासून चुकीचा होता आणि माझ्या टेस्ट त्या चुकीचीच राखण करत होत्या. कुणी ती चूक दुरुस्त केली असती तर माझ्या टेस्टनी त्यालाच लाल कंदील दाखवला असता.

पायरी 4: कडेवर जा

35 वर्षांचा माणूस, 70 वर्षांचा माणूस ही उदाहरणं एकेक पुरेत. बग, म्हणजे कोडमधल्या चुका, लपतात त्या कडेला, जिथे एक नियम संपतो आणि दुसरा सुरू होतो. इथे वेळ घालवा.

प्रवासाची तारीख 14 जून 2025 धरू. 14 जून 1950 ला जन्मलेल्या आजोबांना आज 75 पूर्ण झाली, मोफत. 15 जून 1950 ला जन्मलेल्यांना उद्या होतील, म्हणून आज हाफ. दोन्ही उदाहरणं हवीत. एकच लिहिलंत तर कोडमध्ये '75 पेक्षा जास्त' आहे की '75 किंवा जास्त', हे कळायला मार्ग नाही. आणि वय नुसतं 2025 वजा 1950 असं काढणारा कोड दोघांनाही मोफत सोडेल. असा कोड मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय.

आता लहान मुलांकडे या. '5 ते 12' या तीन शब्दांत एक खड्डा आहे. बारावा वाढदिवस झालेला, तेरावं चालू असलेला मुलगा हाफमध्ये की फुलमध्ये? '12 पर्यंत' म्हणजे बारावं पूर्ण होईपर्यंत, की बारा हा आकडा संपेपर्यंत? मराठीत आपण 'बारावं लागलं', 'बारा पूर्ण झाली', 'बारावं सरलं' असे नेमके भेद करतो, आणि नियम लिहिताना नेमके तेच विसरतो. तिघांत एकमत होत नसेल तर लाल कार्ड.

मग जन्मतारखेचाच प्रश्न. 29 फेब्रुवारी 1952 ला जन्मलेल्या बाईंना 75 वर्षं 2027 मध्ये पूर्ण होतील, पण 2027 मध्ये 29 फेब्रुवारीच नाही. 28 ला मोफत की 1 मार्चला? असा माणूस कुठे भेटणार, असं म्हणू नका. मोरारजी देसाईंचा जन्म 29 फेब्रुवारी 1896 चा. ज्यांच्या आधार कार्डावर नुसतं जन्मवर्षच छापलंय, त्यांचं काय? आणि गावाकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ठोकून दिलेले आजोबा तर घरोघरी आहेत. त्यांची अडचण नाही, कागदावरची तारीख तीच खरी. पण 1 जूनला एकदम किती जण 'मोफत' होतील याचा विचार करून बघा. कडेवरची चूक एखाद्याच प्रवाशाला बाधते हा समज त्या दिवशी फिटेल.

शेवटची कड घड्याळाची. रातराणी रात्री 11:30 ला सुटते. प्रवाशाला मध्यरात्री 75 पूर्ण होतात. कुठल्या क्षणाचं वय धरायचं: तिकीट काढल्याचं, गाडी सुटल्याचं, की तो वाटेतल्या थांब्यावर 12:30 ला चढला तर तेव्हाचं? आठवडाभर आधी आरक्षण केलं असेल तर आरक्षणाच्या दिवशीचं की प्रवासाच्या? यातलं प्रत्येक 'की' म्हणजे एकेक लाल कार्ड. शिवाय एक खास आपल्याकडची फसगत आहे. सर्व्हर ग्रिनिचच्या वेळेवर लावलेला असेल, तर भारतात पहाटे 5:30 वाजेपर्यंत त्याच्या लेखी कालचीच तारीख असते. 12:30 ला चढलेल्या आजोबांना तो तुमच्या डोळ्यांदेखत 74 वर्षांचं ठरवेल.

पायरी 5: नियमांची टक्कर लावून बघा

निळी कार्डं दोन-दोन उचला आणि विचारा, दोन्ही एकाच माणसाला लागू झाले तर? 68 वर्षांच्या बाई ज्येष्ठ म्हणून हाफ, महिला म्हणून हाफ. कोडमध्ये दोन स्वतंत्र 'जर' लिहिले असतील तर ₹200 चे ₹100 होतात, ₹100 चे ₹50. बाईंना ₹50 मध्ये प्रवास, महामंडळाला खोट. आठ वर्षांच्या मुलीचं तसंच, हाफचं हाफ. दोघींसाठी उत्तर एकच: ₹100. सवलती एकावर एक चढत नाहीत, सगळ्यात मोठी एकच लागते. हा नियम आपल्या पाच ओळींत कुठेच नव्हता. सहावं निळं कार्ड लिहा.

तुमच्या लक्षात आलं असेल, सुरुवातीच्या आजीही याच नियमाने सुटतात. 'सगळ्यात मोठी सवलत' म्हटलं की आधी कुठला प्रश्न विचारायचा हा घोळच उरत नाही. उदाहरणांमुळे कोडची रचनाही सुधारते ती अशी.

हद्दीची टक्कर मला सगळ्यात आवडते. महिलांची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच. कोल्हापूरहून बेळगावला निघालेल्या बाईंचं भाडं हद्दीपर्यंत ₹40 आणि पुढे ₹140 धरू. 180 चे निम्मे म्हणजे ₹90 काढलेत तर चुकलात. हद्दीपर्यंतचे ₹20 आणि पुढचे पूर्ण ₹140, एकूण ₹160. पण ही गुंतागुंत आजच्या तुकड्यात कोंबायची का? नको. नवीन पिवळं कार्ड करा, पुढच्या आठवड्यात बघू.

पायरी 6: लाल कार्डं घेऊन माणसाकडे जा

उत्तर मनाने ठरवू नका. भाडं ₹105 असेल तर हाफ ₹52.50 होतं, वर न्यायचं की खाली, आणि सुट्ट्या पैशांवरून होणारी हुज्जत कोण ऐकणार? 'मोफत' आजोबांनी आरक्षण केलं तर आरक्षणाचा आकार घ्यायचा का? या गोष्टी ठरवणं प्रोग्रामरचं काम नाही, पण तो रोज गुपचूप ठरवत असतो, आणि ते कुणाला कळतही नाही. लाल कार्डाचा खरा उपयोग तो. उत्तर मिळालं की लाल कार्ड फाडा आणि त्याचं हिरवं करा.

पायरी 7: तक्ता मांडा

हिरवी कार्डं आता एका तक्त्यात उतरवा. प्रवास 14 जून 2025, पूर्ण भाडं ₹200.

| प्रवासी | जन्मतारीख | द्यायचे ₹ |
|---|---|---|
| मुलगा | 15 जून 2020 | 0 |
| मुलगा | 14 जून 2020 | 100 |
| मुलगी | 3 मार्च 2017 | 100 |
| स्त्री | 10 ऑक्टोबर 1990 | 100 |
| पुरुष | 15 जून 1960 | 200 |
| पुरुष | 14 जून 1960 | 100 |
| स्त्री | 2 जानेवारी 1957 | 100 |
| पुरुष | 15 जून 1950 | 100 |
| पुरुष | 14 जून 1950 | 0 |
| स्त्री | 5 मे 1949 | 0 |

दहा ओळी. कंडक्टरला दाखवा, दोन मिनिटांत वाचून होतील. हाच मजकूर दोन पानांच्या परिच्छेदात लिहिला असता तर त्याने 'ठीक आहे' म्हणून परत केला असता. तक्त्यांतून टेस्ट चालवायची कल्पना जुनी आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी 2002 मध्ये 'फिट' नावाचं साधन केलं, ते असेच तक्ते वाचून प्रोग्राम तपासायचं.

तक्त्यात प्रवाशाचं नाव, मोबाइल नंबर, सीट नंबर घालायचा मोह आवरा. ज्या रकान्याने उत्तर बदलत नाही तो रकाना नको.

पायरी 8: मशीनला वाचता येईल असं लिहा, तेही मराठीत

अशी उदाहरणं वाचून प्रोग्राम तपासणारं 'क्युकंबर' हे साधन 2008 पासून आहे. ते ज्या भाषेत उदाहरणं वाचतं तिचं नाव 'गर्किन', म्हणजे लोणच्याची छोटी काकडी. नावं ठेवणाऱ्यांच्या मनात त्या दिवशी काय होतं कोण जाणे. आपल्या कामाची गोष्ट ही, की गर्किनचे मुख्य शब्द मराठीतही दिलेले आहेत. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषेचा कोड म्हणून रोमन लिपीत एम-आर ही अक्षरं द्यायची आणि पुढे असं लिहायचं:

सुविधा: वयानुसार सवलत

नियम: 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत

परिदृश्य: नेमक्या वाढदिवसाच्या दिवशी प्रवास
जर प्रवासाची तारीख 14 जून 2025 आहे
आणि प्रवाशाचा जन्म 14 जून 1950 चा आहे
जेव्हा ₹200 भाड्याचं तिकीट काढलं जातं
मग प्रवाशाने ₹0 द्यायचे

'परिदृश्य' हा शब्द बोलताना कुणी वापरत नाही हे मान्य. पण 'जर, जेव्हा, मग' ही चाल आपल्या तोंडात बसलेली आहे. 'जर'मध्ये आधीची परिस्थिती, 'जेव्हा'मध्ये एकच घटना, 'मग'मध्ये दिसणारा परिणाम. दोन 'जेव्हा' आले तर समजा, दोन उदाहरणं एकात अडकलीत.

प्रत्येक वाक्यामागे कोडचा छोटा तुकडा जोडावा लागतो. तो वाक्यातून तारीख आणि रक्कम उचलून तुमच्या फंक्शनला, म्हणजे भाडं काढणाऱ्या कोडला, देतो. मराठीत लिहिण्याचा आग्रह मात्र डोळे झाकून धरू नका. कंडक्टर मराठी वाचणार असेल तर मराठीत लिहा. फाइल फक्त प्रोग्रामरच उघडणार असतील तर हे साधनच नको, तुमच्या नेहमीच्या टेस्टमध्ये तक्ता घाला, काम होतं. हे साधन आणून तिघांची बैठक टाळणाऱ्या टीमांच्या पदरी टेस्ट लिहिण्याची एक लांबलचक पद्धत पडते, दुसरं काही नाही.

आणि 'जेव्हा मी हिरवं बटण दाबतो' असली वाक्यं लिहू नका. उद्या बटण निळं होईल, सवलतीचा नियम तोच राहील.

पायरी 9: आधी लाल, मग हिरवं

कोड लिहिण्याआधी टेस्ट चालवा. सगळ्या नापास व्हायला हव्यात (इथे लाल म्हणजे नापास आणि हिरवं म्हणजे पास, कार्डांचे रंग नव्हेत). एखादी पास झाली तर ती टेस्ट काही तपासतच नाहीये. मग एकेक ओळ पास करत जा. पहिल्यांदा ₹200 वाली, कारण तिला सवलतच नाही. मग हाफ, मग मोफत, मग टक्करवाल्या ओळी.

'आजची तारीख' कोडने स्वतः घड्याळातून घेऊ नये, ती बाहेरून द्यावी. नाहीतर 15 जून 1950 वाले आजोबा आज हाफमध्ये पास होतील आणि उद्या सकाळी, कुणी कोडला हातही न लावता, टेस्ट नापास होईल. अशी टेस्ट दोनदा फुकटची लाल झाली की टीम ती बंद करून टाकते. कायमची.

पायरी 10: नियम बदलला की आधी तक्ता बदला

समजा आपला तक्ता 2023 च्या फेब्रुवारीत, त्या वेळच्या जन्मतारखा घालून केलेला होता, आणि आता महिलांची सवलत जाहीर झाली. कोडकडे धावू नका. तक्त्यावर बोट ठेवून विचारा, कुठल्या ओळींचं उत्तर बदलणार? पाच वर्षांखालच्या मुलीचं नाही, तिला आधीच तिकीट नव्हतं. आठ वर्षांच्या मुलीचं नाही, ती आधीच हाफमध्ये होती. 68 च्या बाई ज्येष्ठ म्हणून हाफमध्ये, 76 च्या आजी मोफत. बदलते फक्त मधल्या वयातल्या बाईंची ओळ, ₹200 ची ₹100. तेवढा एक आकडा बदला, टेस्ट चालवा, ती एकच ओळ लाल झालेली बघा आणि मग कोड उघडा. नवा नियम घातल्यावर 76 च्या आजींची ओळ लाल झाली, तर कुणीतरी पुन्हा 'स्त्री आहे का?' हा प्रश्न सगळ्यात आधी विचारलाय.